पिंपळाला मामा हवा

विहीणबाईंचा फोन आला तेव्हा मी आमच्या सोसायटीच्या चेअरमनशी जिन्यात भांडत होते. विषय नेहमीचाच, गेटजवळचं बुचाचं झाड. त्याची फुलं गाड्यांवर पडतात, काचांना चिकटतात, आणि झाड काढलं तर तिथे आणखी दोन गाड्या उभ्या राहतील, असं चेअरमननी मनात घेतलं आहे. माणूस मोठा गोड. मला 'ताई' म्हणतात. "ताई, तुमच्या भावना मी समजू शकतो," असं म्हणतात आणि मग स्वतःला हवं तेच करतात. त्या दिवशीही ते माझ्या भावना समजून घेत होते, इतक्यात फोन वाजला.

"विहीणबाई, मुंज काढली हाय. तुमी या."

"अगं बाई, कुणाची?"

"पिंपळाची."

चेअरमन ऐकत होते, म्हणून मी चेहरा सरळ ठेवला.

माझी लेक मानसी हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावात दिली आहे. दिली म्हणजे नावापुरती. ती आणि जावई नितीन दोघंही इथे पुण्यातच कंप्युटरसमोर बसलेले असतात. गावात असतात त्या कौसल्याबाई, माझ्या विहीणबाई, आणि त्यांचे यजमान बापूराव, जे वर्षातून चार वाक्यं बोलतात असं मानसी म्हणते. गावाचं नाव मी लिहिणार नाही. विहीणबाईंनी बजावलं आहे, "लिवा काय लिवायचं ते, पन गावाचं नाव नगं. उद्या कुनी सेल्फ्या काढायला येतील." सेनगावच्या बाजूला आहे, एवढं पुरे.

"अहो, पण मीच कशाला?" मी विचारलं.

"आमच्यात पोरांच्या मुंजी न्हाई व्हत. तुमच्यात व्हतात. तुमाला समदं ठाऊक. उगं पंचायत नगं व्हायला. अन् येताना घरची मूठभर माती घेऊन या, भिक्षेला लागती."

मुलांना सुट्टी नव्हती. आमच्या ह्यांनी मोबाइलवर हिंगोलीचं तापमान बघितलं आणि म्हणाले, "माझे आशीर्वाद इथूनच पोचतील." राहता राहिले मी. मुंजतज्ज्ञ म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच कोणी बोलावलं होतं, मला तर आतून गुदगुल्या होत होत्या. माती मात्र शोधावी लागली. चौथ्या मजल्यावर माती कुठून असणार? शेवटी बाल्कनीतल्या कुंडीतून मूठभर उपसली आणि पिशवीत बांधली.

फाटा

रात्रभराची बस, हिंगोली, सेनगाव, हे सगळं मी गाळते. वैशाखातल्या प्रवासात सांगण्यासारखं घामाशिवाय काही नसतं. सेनगावहून काळी-पिवळी जीप मिळाली. तिच्यात माझ्या मांडीवर एका अनोळखी बाईची कोंबडी होती. जीपने मला गावाच्या फाट्यावर उतरवलं तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता आणि दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी वावरं क्षितिजापर्यंत तापत पडली होती. डोळ्याला हिरवं असं काही नाही. आणि मधोमध, रस्त्याला लागून, ही झाडी.

झाडी म्हणजे काही फार नाही. एक भरदार पिंपळ, त्याच्या आजूबाजूला लिंब आणि करंज, मध्ये दगडी ओटा आणि एका कडेला पंक्चर काढायची टपरी. पण तेवढ्यात सगळं जग बसलं होतं. बसची वाट बघणारी माणसं, शिदोरी सोडून जेवणाऱ्या मजूर बाया, रवंथ करणाऱ्या दोन म्हशी, आणि ओट्यावर पालथा झोपलेला एक पोस्टमन. मी सावलीत पाय टाकला आणि खरं सांगते, देवाचं नाव घेतलं.

मग मी चूळ भरली, आणि बाटलीत उरलेलं कोमट पाणी दिलं रस्त्यावर भिरकावून.

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. म्हशींनीसुद्धा माझ्याकडे बघितलं असं मला वाटलं.

"अवो बाई," एक मजूर बाई घास हातात धरून म्हणाली, "पानी काहून सांडलं?"

टपरीतून एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ बाहेर आले. हे रफीकभाई. "रहने दो," ते त्या बाईला म्हणाले, "मॅडम नव्या हायत." मग माझ्याकडे वळून त्यांनी समजावलं. इथे जो कोणी उतरतो, तो बाटलीतलं उरलेलं पाणी पिंपळाच्या बुडात ओततो. एसटीचा ड्रायव्हर ओततो, शाळेतली लेकरं ओततात, परगावचा पाहुणा ओततो. ओतायला कोणी सांगितलं, हे कोणालाच ठाऊक नाही. रफीकभाईंचं टपरीतलं पाण्याचं घमेलं, ज्यात ते ट्यूब बुडवून भोक शोधतात, तेही रोज दिवस मावळताना इथेच रिकामं होतं.

"पंक्चरचं पाणी पिऊन वाढलं बघा हे लेकरू," ते खोडावर थाप मारून म्हणाले. "हवा कधी कमी पडली न्हाई."

एवढ्यात विहीणबाई आल्या, डोक्यावरचा पदर दातात धरून, लगबगीनं. ठेंगणी मूर्ती, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि चालणं असं की मागे बापूराव जवळजवळ पळतच होते. माझ्या हातातली बॅग त्यांनी हिसकावूनच घेतली. "किती वाळल्या वो! पुन्यात काय खायला घालत न्हाईत का?" मी काही वाळलेली नाही, पण असं म्हणणाऱ्या बाईवर माझा लगेच जीव जडतो.

ओट्यावर बसून, घोटभर पाणी पिऊन (उरलेलं बुडात!) मी विचारलं, "विहीणबाई, आता खरं सांगा. एकाएकी मुंज का काढलीत?"

त्यांनी पिंपळाकडे बघितलं. "नितीन कालेजला पुन्याला गेला ना, तवा हितं कायबी नव्हतं. एक लिंबाचं बी न्हाई. त्याची यष्टी कवा बराबर टायमाला येती? मी आपली उन्हात हुबी. एकदा चक्कर येऊन पडले. मंग शाळेच्या भिंतीतून पिंपळाचं रोपटं काढून टाकून राहिले व्हते, ते मी आनलं अन् हितं लावलं. म्हनलं, पुढच्या वक्ताला सावलीत वाट बघीन." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमची मानसी पयल्यांदा आली ती हितंच उतरली. ह्याच्याच सावलीत मी तिचं तोंड बघितलं."

मी दुसरीकडे बघितलं.

"अन् आता?" मी विचारलं.

"आता हितं गाळे बांधनार हायत," त्या म्हणाल्या. "दुकानाचे. पुढच्या आठवड्यात जेसीबी येनार. मुंज झालेल्या पिंपळाला आमच्याकडं कुनी कुऱ्हाड लावत न्हाई. म्हनून घाई."

सरपंचांकडे चहा

गाळे बांधणारे कोणी परके नव्हते. गावचे सरपंच दत्तराव, विहीणबाईंचे मानलेले भाऊ. विहीणबाईंना सख्खा भाऊ नाही. लग्न होऊन या गावात आल्या त्या पहिल्याच राखीपौर्णिमेला त्यांनी शेजारच्या दत्ताला राखी बांधली, आणि तेव्हापासून तो त्यांना 'अक्का' म्हणतो. संध्याकाळी त्याच भावाकडे आम्हांला चहाचं बोलावणं होतं.

मला वाटलं होतं, खलनायक भेटेल. भेटले ते भरघोस मिशांचे, हसऱ्या पोटाचे गृहस्थ, ज्यांनी चहाआधी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही पुढे ठेवलं आणि "घ्या की, लाजून काय राहिल्या," म्हणत तीन वेळा वाढलं. पुण्यात पाहुण्याला "घेणार का?" असं विचारायची पद्धत आहे, म्हणजे नाही म्हणायला वाव राहतो. इथे तो वाव कोणी ठेवत नाही.

"आता तुमीच सांगा ताई," दत्तराव म्हणाले. "तो कनेरगाव नाका बघा. काय गर्दी, काय धाबे! अन् आपल्या फाट्यावर काय? एक पंक्चर! पोरं शिकून घरी बसली. दुकानं टाकतो म्हनतात. जागा कुठं हाय? गावाची म्हनून तेवढीच हाय."

"दत्ता, झाड हाय तितं," विहीणबाई म्हणाल्या.

"अक्का, दुसरी झाडं लावू की. शंभर लावू."

"अन् सावली? सावलीसाठी किती वर्सं थांबायचं?"

"मुंज करा ना, मी कुठं न्हाई म्हनतो? कुऱ्हाड कुनी लावायचीच न्हाई. जेसीबी लावायचा हाय." आणि ते आपल्याच विनोदावर पोट धरून हसले. विहीणबाई हसल्या नाहीत. बापूरावांनी चहा बशीत ओतला. मी आणखी एक धपाटा उचलला, कारण खरं सांगायचं तर त्या माणसाचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, आणि हे मला जास्तच त्रासदायक वाटत होतं.

निघताना एक गंमत घडली. दत्तरावांची धाकटी सख्खी बहीण माहेरपणाला आली होती, तिची दोन-अडीच वर्षांची चिमुरडी नाक पुसत बाहेर आली. एवढे मोठे सरपंच, मिशा सावरत उठले आणि वाकून तिच्या पायांना हात लावून त्यांनी तो कपाळाला लावला. चिमुरडीने त्यांच्या टोपीवर बिस्कीट चोळलं.

"हे काय हो?" मी वाटेत विचारलं. आमच्याकडे भाचे मामाच्या पाया पडतात, ती सवय.

"अवो, भाचीनं अन् भाच्यानं मामाच्या पाया पडायचं न्हाई," विहीणबाई म्हणाल्या. "मामानं त्यांच्या पडायचं. आमच्याकडं भाचा म्हंजे देव. भाच्याला मामा कधी हात उगारत न्हाई, वंगाळ बोलत न्हाई."

आणि मी, मुंजतज्ज्ञ, सहज बोलून गेले, "मग मुंजीत मामाचा मान मोठाच असेल. आमच्याकडेही असतो. मामा मुलाला उचलून आणतो, आहेर करतो. मामाशिवाय मुंज हलतच नाही म्हणा ना."

विहीणबाई रस्त्यातच थांबल्या. डोक्यावरचा पदर घसरला तरी त्यांनी सावरला नाही.

"मामा लागतो?"

"लागतोच."

"अन् झाडाची आई म्हनून कोन बसनार?"

"तुम्ही लावलंत, तुम्हीच."

"मंग मामा कोन?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मला आठवतंय, त्या जागी गटार होतं आणि वासही येत होता, पण त्या क्षणी आम्हां दोघींना जे सुख झालं त्याला तोड नाही. विहीणबाई हसायला लागल्या, मी हसायला लागले, आणि मागून बापूराव, ज्यांना त्या दिवशी मी बोलताना ऐकलंच नव्हतं, म्हणाले, "आता मेला दत्ता."

अंगण

सकाळी उठून अंगणात आले तर सगळं अंगण पिवळं. शिजवलेली हळद वाळत घातली होती, घरभर तिचा मातकट, उबदार वास. मी कौतुकाने पुढे झाले, ओल्या पायांनी, आणि पांढरी सलवार घालून. पुढचं सांगत नाही. विहीणबाई म्हणाल्या, "असू द्या, तुमचीबी हळद लागली." ती सलवार मी अजून ठेवली आहे.

मग मी माझी मातीची पुडी काढली, जरा दिमाखातच. इथे मुंजीच्या भिक्षेला प्रत्येक घरातून मूठभर माती येते आणि ती झाडाच्या बुडात पडते, हे मला एव्हाना कळलं होतं. विहीणबाईंनी पुडी उघडली, बोटात धरून चोळली, वास घेतला.

"ही माती हाय?"

"कुंडीतली आहे."

"विहीणबाई, हा नारळाचा काथ्या हाय."

खरंच होतं ते. नर्सरीवाला 'हलकी आहे, बाल्कनीला वजन होत नाही' म्हणून देतो ती. माझ्या घरात मूठभरसुद्धा माती नाही, हे मला हिंगोली जिल्ह्यात येऊन कळलं. मी इतकी ओशाळले की पुडी परत बॅगेत कोंबली.

तेवढ्यात दत्तरावांच्या घरून निरोप आला. सरपंच पहाटेच औंढ्याला गेले. आज सोमवार, दर सोमवारी नागनाथाला जातात. तिथून सासुरवाडीला जाणार, उद्याचा दिवस तिकडेच. म्हणजे मुंज आटपेपर्यंत.

"वास लागला त्याला," विहीणबाई म्हणाल्या. त्यांना राग आला होता, आणि रागावल्या की त्या भराभर कामं करतात. बघता बघता भाकरी बांधल्या, तांदळाला कुंकू लावून अक्षता केल्या, त्या पदराला गाठ मारून ठेवल्या आणि मला म्हणाल्या, "चला, तुमाला देवदर्शन करून आनते."

औंढा

औंढ्याचं देऊळ मी वर्णन करून सांगावं असं नाही. त्याच्या भिंतीवरचे दगडी हत्ती आणि देवदेवता बघायला एक दिवस तरी हवा, आणि आम्हांला तेवढा वेळ नव्हता. आम्ही सरपंच शोधत होतो. नंदी इथे देवळाच्या मागच्या बाजूला आहे. देवासमोर कीर्तन करू दिलं नाही म्हणून भक्त मागे जाऊन बसला, तर देऊळच फिरून त्याच्याकडे तोंड करून उभं राहिलं, अशी कथा सांगतात.

दत्तराव रांगेत दिसले नाहीत, दुकानांत दिसले नाहीत. "खाली असंल," विहीणबाई म्हणाल्या. इथला गाभारा जमिनीखाली आहे. एका वेळी एक माणूस कसाबसा उतरेल असा जिना आणि खाली इतकी बुटकी जागा की उभं राहताच येत नाही, बसूनच सरकायचं. मी उतरले, गुडघ्यांनी निषेध नोंदवला, आणि पिंडीपलीकडे डोळे मिटून, हात जोडून, बेलाच्या ढिगामागे बसले होते दत्तराव.

विहीणबाई सरकत सरकत त्यांच्या समोर जाऊन बसल्या. जिन्यावर मी. वाट बंद.

"दत्ता."

दत्तरावांनी एक डोळा उघडला आणि लगेच मिटला.

"डोळे मिटून काय राहिला? उद्या आपल्या घरी मुंज हाय. आईच्या बाजूनं मामाला अक्षत द्यायची हाय." आणि त्यांनी पदराची गाठ सोडून, देवासमोर, त्यांच्या ओंजळीत अक्षता टाकल्या.

"अक्का, हे बराबर न्हाई," दत्तराव कळवळून म्हणाले. "देवासमोर काहून धरून राहिली मला?"

"तू पळालास म्हनून. हितं देऊळ फिरलं रे, अन् तू फिरनार न्हाईस?"

मागून पुजारी ओरडले, "चला, पुढं चला!" पण पुढं जायला जागा नव्हती, मीच अडवून बसले होते. दत्तरावांना अक्षता खाली टाकता येईनात, खिशात घालता येईनात. देवासमोर मिळालेल्या अक्षता! शेवटी त्यांनी त्या रुमालात बांधल्या, माझ्याकडे रागाने बघितलं आणि म्हणाले, "ताई, तुमी शिकवलं ना हे समदं?"

"मी फक्त माहिती दिली," मी म्हणाले.

येणार की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. बाहेर येऊन आम्ही झाडाखाली भाकरी आणि ठेचा खाल्ला, आणि विहीणबाई दोन घासांनंतर थांबल्या. "न्हाई आला तर?" त्या म्हणाल्या. "भाऊबी जाईल अन् झाडबी जाईल." एवढ्या खमक्या बाईला मी पहिल्यांदाच घाबरलेली बघत होते.

मुंज

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं तापायच्या आत सगळं गाव फाट्यावर जमलं. पिंपळाला आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव, बुंध्याला घरची हळद. सेनगावहून आलेले गुरुजी तरुण होते आणि त्यांनीही झाडाची मुंज कधी लावली नव्हती, त्यामुळे दर मिनिटाला माझ्याकडे बघत होते. लंगोटी कुठे बांधायची यावर मोठी चर्चा झाली. मी ठामपणे सांगितलं, पहिल्या फांदीच्या खाली. कशावरून, ते मलाही माहीत नाही, पण तज्ज्ञाने ठामच असायला हवं. मुंडनासाठी चार पानं तोडा म्हणाले गुरुजी, तर विहीणबाई आडव्या आल्या. "तोडायचं न्हाई. पडलेली घ्या."

मग भिक्षा. ही मी जन्मात विसरणार नाही. घरोघरच्या बायका, म्हातारे, लेकरं, एकेक मूठ माती घेऊन पुढे येत होती. कोणाच्या विहिरीकाठची, कोणाच्या हळदीच्या वाफ्यातली, एका आजीने तर तुळशीवृंदावनातली आणली होती. रफीकभाईंनी टपरीच्या उंबऱ्याजवळची माती टाकली आणि वर घमेलंभर पाणी. "हमारे यहां तो वो पोता ही है, नातू," ते म्हणाले. मी मागे उभी होते. त्यांनी हाक मारली, "मॅडम, तुमची भिक्षा?"

मी लाजत पुडी काढली. "ही माती नाही हो."

त्यांनी चिमटीत घेऊन बघितलं. "डालो. पानी धरून ठेवील. उन्हाळ्यात कामाला यील." माझा काथ्या हिंगोलीच्या काळ्या मातीत पडला, आणि मला कुणी तरी पास केल्यासारखं वाटलं.

मातृभोजन आलं. विहीणबाई बुडाशी ताट घेऊन बसल्या. मी त्यांच्या कानात सांगितलं की आईबरोबर एका ताटात जेवायचं हे शेवटचंच, मुंजीनंतर मूल आईच्या ताटात जेवत नाही.

"हे जेवंल," त्या हळूच म्हणाल्या. "ह्याला कुठं जायचं हाय?" त्यांनी एक घास मुळाशी ठेवला, एक आपल्या तोंडात घातला. डोळे घळाघळा वाहायला लागले. बापूरावांनी आपला गमछा पुढे केला. मी तर सरळ रडले, मानसीची आठवण आली, नितीनची आली, इथे उन्हात उभ्या राहिलेल्या या बाईची आली.

मुहूर्त जवळ आला. गुरुजींनी अंतरपाट धरायला सांगितला. "मामा?"

मामा नव्हता. रस्ता मोकळा. गर्दीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. गाळ्यांची आशा लावून बसलेली तरुण मंडळी पलीकडे मोटारसायकलींना टेकून उभी होती, त्यांच्यातला एक जण म्हणाला, "न्हाई येत दत्ताकाका. करा तसंच."

विहीणबाई हलल्या नाहीत. "मामा आल्याबिगर न्हाई," एवढंच म्हणाल्या.

आणि तेव्हा सेनगावच्या बाजूने ती काळी-पिवळी आली. दत्तराव उतरले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, काखेत आहेराची पिशवी, आणि चेहरा असा की कोणी जबरदस्तीने एरंडेल पाजलंय. कोणाशीही न बोलता ते सरळ पिंपळासमोर येऊन उभे राहिले. हातातल्या बाटलीत घोटभर पाणी होतं, ते बुडात ओतलं. सवय.

"मामानं बटूला उचलायचं असतं," मी घाईघाईने म्हणाले आणि जीभ चावली.

"ह्याला?" दत्तराव पिंपळाच्या शेंड्याकडे बघत म्हणाले.

"उठा नहीं सकते तो गले लगाओ," रफीकभाई म्हणाले.

दत्तरावांनी दोन्ही हात पसरले आणि खोडाला मिठी मारली. मिठी पुरी बसेना. हळद त्यांच्या सदऱ्याला, मिशांना लागली. लेकरं खिदळली. मग ते मागे झाले. आता काय करायचं हे त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी टोपी काढली. खाली वाकले, आणि मुळांवर डोकं ठेवलं.

बराच वेळ उठलेच नाहीत. उठले तेव्हा कपाळाला गावभरची माती होती.

"झालं?" ते विहीणबाईंवर खेकसले. "आता भाच्याच्या अंगावर जेसीबी घालू का मी? तोंड दाखवू का कुनाला?"

"म्या काय म्हनलं?" विहीणबाई म्हणाल्या, आणि पुन्हा रडायला लागल्या.

"रडून काय राहिली? मामाचा आहेर न्हाई का घ्यायचा?" पिशवीतून त्यांनी कोरं धोतर काढलं, खोडाला गुंडाळलं. मग मोटारसायकलींकडे वळून मोठ्यांदा म्हणाले, "गाळे व्हतील. तिकडं, रस्त्यापलीकडं."

"काका, तिकडं तर तुमचं खळं हाय," तो मघाचा तरुण म्हणाला.

"मंग? सोयाबीन मशीनीनं निघतंय. खळं काय चाटू? सभेत ठराव फिरवू. अन् गिऱ्हाईक सावलीला थांबतंय रे, येड्यांनो. इकडं सावली, तिकडं दुकान. ही माझी आधीपासूनची आयडिया हाय."

आधीपासूनची! पण त्या क्षणी कोणी वाद घातला नाही. गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू केली, अक्षता उडाल्या, आणि एक म्हैस मांडवाची डहाळी खायला लागली.

परत

निघताना विहीणबाईंनी एक पिशवी हळदीची दिली आणि दुसरी काळ्या मातीची. "तुमच्या काथ्यात मिसळा," म्हणाल्या. फाट्यावर जीप येईपर्यंत आम्ही धोतर नेसलेल्या पिंपळाखाली बसलो. दत्तराव रस्त्यापलीकडे पोरांना खळ्यात दोऱ्या लावून काही तरी दाखवत होते. जीप आली, मी बाटलीतलं पाणी बुडात ओतलं, आणि विहीणबाईंनी मला मिठी मारली. ती मात्र नीट पुरली.

घरी आल्यावर कळलं, आमच्या बुचाचा निर्णय पुढच्या मीटिंगमध्ये आहे. आता शास्त्रात बुचाची मुंज आहे की नाही, मला माहीत नाही. बहुधा नाही. पण आमच्या सोसायटीत शास्त्र कोणाला ठाऊक आहे? मी आई म्हणून बसणार हे ठरवलं, माती माझ्याकडे आहे, हळद आहे, आणि काल जिन्यात चेअरमनना गाठलं.

"रविवारी मुंज आहे. मामा म्हणून तुम्ही हवे. तुम्ही मला ताईच म्हणता ना?"

चेअरमन फुलून आले. मानपान त्यांना फार आवडतो. "ताई, अवश्य! मामाला काय करावं लागतं?"

"काही नाही हो. थोडा आहेर, फोटो," मी म्हणाले.

हिंगोलीकडचा मामा शेवटी काय करतो, हे मी त्यांना रविवारीच सांगणार आहे, सगळ्या सोसायटीसमोर.